सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी : इव्हेंटिंगमधला माझा एक दिवस

वेळापत्रक आदल्या रात्री हातात पडलं. ड्रेसाज (रिंगणातल्या ठरलेल्या हालचाली) ९.४०, शो जम्पिंग (दांड्यांवरून उड्या) १.१५, क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले अडथळे) ५.१०. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर घोडेस्वारीचे हे तिन्ही प्रकार. आमचे तिन्ही एकाच दिवसात, ९० सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांच्या वर्गात. मी नोकरी सांभाळून घोड्यावर बसणारी हौशी स्वार. रेवा, माझी कुम्मेद घोडी, अकरा वर्षांची, अंगानं दणकट, पण पाणी दिसलं की कान टवकारणारी. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, आमच्या चुकांसकट.

वेळा कळल्या की उलटं मोजायला बसायचं. रेवाला ड्रेसाजआधी चाळीस मिनिटं मोकळं व्हायला लागतात, म्हणजे नऊच्या ठोक्याला मी खोगिरावर हवी. त्याआधी खरारा, आयाळीच्या वेण्या, तंग कसणं. म्हणजे कोर्स पायी बघायला साडेसहालाच निघायला हवं. नालांमधली स्टडची (पाय घसरू नये म्हणून नालात बसवायच्या खिळ्यांची) भोकं मी रात्रीच कोरून त्यांत तेलात भिजवलेला कापूस भरून ठेवला होता. हे काम सकाळवर ठेवू नका. अर्धवट उजेडात खुराशी वाकून खडे कोरत बसलं की वीस मिनिटं कधी गेली कळत नाही. जमीन कडक असेल तर लहान टोकदार स्टड, चिखल असेल तर मोठे. आणि परतीच्या गाडीत चढवण्याआधी ते काढायचेच, कारण गाडीत तोल गेला की घोडा स्वतःच्याच पायावर पाय देतो.

साडेसहाला आमचे सर आणि मी क्रॉस-कंट्रीचा कोर्स चालायला निघालो. गवतावर दव होतं, बूट दहा पावलांत भिजले. कोर्स २२५० मीटरचा, अडथळे अठरा, ठरलेला वेग मिनिटाला ४५० मीटर. म्हणजे आदर्श वेळ बरोबर पाच मिनिटं. सरांनी मोजणीचं चाक आणलं होतं. दर ४५० मीटरवर थांबून आम्ही खूण ठरवत गेलो: पहिलं मिनिट वाळलेल्या झाडापाशी, दुसरं फाटकाच्या वळणावर, तिसरं पाण्याच्या थोडं अलीकडे. हे जरूर करा. मनगटावरचं घड्याळ नुसता आकडा दाखवतं. त्या आकड्याला आपण कुठं असायला हवं होतं, हे पायांनी मोजलेलं असेल तरच कळतं.

प्रत्येक अडथळ्याला उजवीकडे लाल झेंडा, डावीकडे पांढरा. ते आपल्यासाठी; घोड्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्याला दिसतो तो ओंडक्याचा आकार, त्याखालची सावली आणि पलीकडची जमीन. सर प्रत्येक ठिकाणी वाकून, रेवाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायला लावत होते.

नववा अडथळा पाण्याचा. अर्ध्या मीटरचा उतार, खाली घोट्याच्या थोडं वर येईल एवढं पाणी, आणि बाहेर पडताना छोटा ओंडका. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य पाठीमागून येत होता. पाणी इतकं नितळ की तळातली खडी मोजता आली असती. मी म्हटलं, "सर, हिला तळ दिसला की ही जाईल." सर म्हणाले, "तू पाण्यात बघू नकोस. पलीकडच्या काठाकडे बघ, टाच लावून ठेव." मी खुशीत पुढे चालू लागले. सूर्य संध्याकाळी कुठं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

ड्रेसाजबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथं आम्ही जे केलं ते घरी रोज करतो तेच. रिंगण २० बाय ४० मीटरचं. घंटा वाजली की ए अक्षरापाशी आत शिरायला ४५ सेकंद मिळतात आणि ते वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात. घाईनं वळू नका, एक नीट वर्तुळ घ्या. एक गोष्ट मात्र माझ्या हातून सुटणारच होती. वॉर्म-अपमध्ये रेवाच्या पायांत बूट होते आणि ते तसेच घालून मी आत निघाले होते. ड्रेसाजच्या रिंगणात घोड्याच्या पायांत बूट किंवा पट्ट्या चालत नाहीत, थेट बाद करतात. फाटकावरच्या एका अनोळखी स्वारानं हाक मारली आणि स्वतः वाकून ते सोडले. फाटकापर्यंत कुणीतरी आपलं माणूस सोबत ठेवा, आणि त्याच्या हातात एक फडकं आणि ही एकच सूचना द्या: पाय बघ.

प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण मिळतात, त्यांची टक्केवारी काढून ती शंभरातून वजा करतात. आमचे ६६.५ टक्के झाले, म्हणजे ३३.५ पेनल्टी. पेनल्टी जितकी कमी तितकं चांगलं. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: घोडी प्रामाणिक, स्वारानं हात शांत ठेवावेत. तो कागद मी जपून ठेवलाय. हा खेळ मुळात घोडदळाच्या अधिकाऱ्यांची परीक्षा म्हणून घडला. संचलनात शिस्त, मोकळ्या रानात धैर्य आणि इतकं झाल्यावरही उडी मारण्याची ताकद, हे सगळं एकाच घोड्यात हवं. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो आला तेव्हा मैदानात फक्त सैनिकी अधिकारी होते. बायकांना ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगला उतरता आलं ते १९६४ साली. रिंगणाच्या मधोमध थांबून परीक्षकांना सलामी देताना मला दर वेळी हे आठवतं आणि पाठ आपोआप ताठ होते.

शो जम्पिंगला एक दांडी पडली, चार पेनल्टी. चूक माझीच, वळण कापलं आणि रेवाला ओंजळभर जागा कमी पडली. इथं पावलं मोजण्याला पर्याय नाही. माझं एक पाऊल ९० सेंटिमीटरचं पडतं, ते तसं पडावं म्हणून मी घरी दोरी टाकून सराव केलाय. चार पावलं म्हणजे घोड्याची कँटरमधली, म्हणजे मध्यम दौडीतली, एक ढांग. दोन अडथळ्यांमधल्या अंतरातून उतरल्यावरची दोन आणि उडीआधीची दोन पावलं वजा करायची, उरलेल्यांना चारनं भागायचं. आठ पावलं आली तर एक ढांग, बारा आली तर दोन. वॉर्म-अपच्या मैदानात समोरून येणाऱ्याला डावा हात डाव्या हाताकडे ठेवून जायचं आणि सरावाची उडी घेण्याआधी मोठ्यानं सांगायचं. गर्दीत लाजून गप्प राहणाऱ्यांमुळेच टकरा होतात.

दीड वाजता मी मोकळी झाले. पुढची वेळ ५.१०. मधले साडेतीन तास मी काय केलं? रेवाला सावलीत बांधलं, पाणी दाखवलं, खोगीर पुसलं, बॉडी प्रोटेक्टर आणि दंडावरची वैद्यकीय माहितीची पट्टी तीनदा तपासली. सगळी कामं गरजेची, पण ती अर्ध्या तासाची होती. त्या वेळात मी पुन्हा एकदा पाण्यापर्यंत चालत जायला हवं होतं. कोर्स निदान एकदा तरी आपल्या स्वारीच्या वेळेला बघा, किंवा तेव्हा ऊन कुठून येईल याचा अंदाज घेऊन बघा. ही एकच गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती तर, असं तेव्हापासून वाटत राहिलंय.

स्टार्ट बॉक्समध्ये पाच-चार-तीन सुरू झालं तेव्हा रेवाचं हृदय मला पायांखाली जाणवत होतं. बॉक्समध्ये तिला तोंडावर ताणून धरू नका. मी तिला आत गोल फिरवत ठेवलं आणि 'एक'ला समोर वळवलं. पहिले चार अडथळे तिनं पाटावर बसून खेळावं तसे सहज घेतले. पाचवा उतारावरचा होता, तिथं खांदे मागे ठेवून लगाम बोटांतून थोडा सुटू दिला. वाळलेल्या झाडापाशी घड्याळात एक मिनिट दोन सेकंद. सातव्यानंतर झाडीत शिरायचं होतं. घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून सावलीत येताना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून तिथं आधीच कँटर आखूड केला. ते बरोबर जमलं. फाटकाचं वळणही वेळेतच गाठलं.

झाडीतून बाहेर पडलो आणि समोर सूर्य. पाणी होतं तिथं चांदीचा पत्रा अंथरल्यासारखा लखलखाट. तळ नाही, खडी नाही, पलीकडचा काठसुद्धा मला डोळे बारीक करून शोधावा लागला. त्यातच काठावर झाडाची काळी सावली आडवी पडलेली. मी बघायचं नाही ते केलं, पाण्यात बघितलं. खोगिरावर पुढे झुकले, टाच सैल पडली. रेवा सावलीच्या रेघेपाशी पुढचे दोन्ही पाय रोवून अडली. तिचा श्वास, कानांची थरथर, आणि खालच्या ओल्या मातीत तिच्या नालांनी ओढलेल्या दोन चरांची लांबी, हे अजून डोळ्यांपुढे आहे.

वीस पेनल्टी. त्याच अडथळ्यावर पुन्हा अडली असती तर आणखी चाळीस, आणि तिसऱ्यांदा बाद. मी तिला मारलं नाही. ती बरोबर होती. जे दिसत नाही त्यात उडी मारायला तिला मीच विश्वास द्यायला हवा होता. दहा ढांगा मागे नेलं, वळवलं, आणि या वेळी ट्रॉटनंच (दुडक्या चालीनं) आणलं. पाण्यात ट्रॉटनं उतरता येतं, हे पुष्कळांना त्या क्षणी आठवत नाही. नजर पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर, टाच तंगापाशी, तोंडानं "चल गं, चल". काठावर ती क्षणभर थबकली आणि मग धप्पकन उतरली. पाणी माझ्या हनुवटीपर्यंत उडालं. ओंडक्यावरून बाहेर पडताना मी तिच्या मानेवर थोपटलं आणि पुढचे नऊ अडथळे ती नव्या घोड्यासारखी गेली.

एकूण वेळ ५ मिनिटं ३८ सेकंद. जास्तीच्या प्रत्येक सेकंदाला ०.४, म्हणजे १५.२. सगळं मिळून ७२.७.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच तंग आणि नाकपट्टी सैल केली आणि खाली उतरले. रेवाच्या बरगड्या धपापत होत्या. बाजूला हात ठेवून मोजले तर मिनिटाला नव्वद श्वास. विश्रांतीत ते आठ ते सोळा असतात. मैत्रीण बादल्या घेऊन उभीच होती. अंगावर गार पाणी ओतत राहायचं, चालवायचं, पुन्हा ओतायचं. गार पाण्यानं तापलेल्या घोड्याचे स्नायू आखडतात असं जुने लोक सांगतात, त्या भीतीनं थांबू नका. प्यायलाही द्या, रेवानं अर्धी बादली एका दमात संपवली. पंधरा मिनिटांत श्वास तीसच्या खाली आले, मग मी स्टड काढले, पाय धुतले आणि चारही पायांवरून तळवा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कडक जमिनीवर म्होरकीला धरून सरळ ट्रॉटमध्ये पळवलं. लंगडी नाही. डाव्या पुढच्या पायाला थोडी ऊब वाटली, तिथं वीस मिनिटं नळाचं पाणी सोडलं. संध्याकाळपर्यंत ती उतरली. आठवडाभर फक्त वॉक. त्यानंतर आम्ही सरावाच्या तळ्यावर जायला लागलो, दर खेपेला संध्याकाळी, ऊन समोर घेऊन.