मांजरपाटाचा तुकडा

मंगळवारी दुपारी बँकेतलं काम चक्क वेळेआधी आटपलं, म्हणून समोरच्या कॅफेत शिरले. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. वर काच, खाली बिडाचे नक्षीदार काळे पाय आणि मधल्या आडव्या पट्टीवर अक्षरं, सिंगर. चप्पल कधी काढली ते कळलंच नाही. उजवा पाय जरा पुढे, डावा मागे, दोन्ही पायडलवर. पायडल हललं, पण बाजूचं मोठं चाक ठिम्म. पायडल चाकाला जोडणारा दांडा काढून टाकलेला आणि चाक वेल्ड करून गप्प बसवलेलं. काचेवरचा पाण्याचा ग्लास तेवढा डुचमळला.

"मॅडम, टेबल हलतंय का?" वेटरने विचारलं.

"नाही रे, मीच हलवतेय."

त्याला ते पटलं नसावं. टिश्यू पेपरची घडी करून त्याने ती एका पायाखाली सरकवली.

ही टेबलं मला आवडत नाहीत. धड काढून घ्यायचं आणि पाय शोभेला ठेवायचे, हा काय प्रकार? वरचं शिवणाचं मशीन कुठे गेलं म्हणून विचारलं, तर ते काउंटरमागच्या फळीवर, मनी प्लांटशेजारी. उठून पाहून आले. सुई नाही, खालच्या दोऱ्याची रिळी म्हणजे बॉबिन जिच्यात बसते ती बॉबिन केस नाही, दाबाचा फूट गंजून खाली बसलेला. तरी हात चाकाकडे गेलाच. अर्धा फेरा फिरलं! तेलाचे चार थेंब आणि एक दिवस द्या, पळेल. कुणाला सांगणार?

माझी एक खोड आहे. पर्समध्ये कायम मांजरपाटाचा वीतभर तुकडा असतो. जुनं मशीन दिसलं की त्यावर एक टीप मारून बघायची. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ही मशीनं ताडपत्रीवर मांडलेली असतात, पितळी तांबे, बंद पडलेले पंखे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या मध्ये. विकणारा किंमत सांगत असतो आणि मी दोरा ओवत असते. टीप मारलेला तुकडा घरी आला की कडेला पेनने तारीख आणि मशीनचा नंबर लिहायचा. घरात सात मशीनं आहेत, त्यांची मोजदाद घरचे करतात. माझ्या मते खरा संग्रह या चिंध्यांचा आहे. चिंध्यांना जागा लागत नाही, त्यामुळे त्यांच्यावरून भांडणंही होत नाहीत.

टीप बघण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा जुन्या आणि नव्या मशीनचे तुकडे शेजारी ठेवून बघावेत. आताच्या झिगझॅग मशीनला सुई डावी-उजवी नाचवायची असते, म्हणून खालच्या पत्र्याला आडवी फट असते. पातळ कापड त्या फटीत किंचित दबतं आणि टीप जराशी तिरकी पडते. जुन्या मशीनला बारीक गोल भोक, एकच. सुईला दुसरीकडे जायची सोयच नाही. आखल्यासारखी टीप येते.

घरातल्या सातांतलं सगळ्यात म्हातारं मशीन लांब शटलचं. त्याची बॉबिन काडीसारखी आणि तिला पोटात घेणारं शटल बंदुकीच्या गोळीसारखं. ते झोपाळ्यागत पुढेमागे झुलतं. अंगावर सोनेरी स्फिंक्स आहे. मशीनला इजिप्तचं काय अप्रूप होतं देव जाणे. दुसऱ्याचा नंबर वाय या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेलं. तो कारखाना १९८० साली बंद पडला, पण त्याच्याजवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. कारखाना गेला, स्टेशन राहिलं. लोअर परळला हे वेगळं सांगायला नको.

मशीनचं वेड कराडच्या मावशीकडून आलं. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जायचो. मावशीचे यजमान लवकर गेले होते. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे परकर, बारशाच्या आधी झबली-टोपडी, असं तिचं चाललेलं. मशीन काळं कुळकुळीत, उषा कंपनीचं, हप्त्यांनी घेतलेलं. दुपारी सगळी झोपली की माजघरातून त्याचा आवाज यायचा. लांब टीप असली की सलग, गळ्याशी आली की अडखळत. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, "संपली." बॉबिन संपलेली असायची. न बघता तिला कसं कळायचं, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. आता मलाही कळतं. आवाज पोकळ होतो.

मशीन रिकामं असलं की आम्ही पोरं त्याच्याखाली. पायडलवर बसायचं, मोठं चाक म्हणजे स्टेअरिंग, कराड-सातारा एस. टी. चालू. बोट कुणाचं तरी चेमटायचंच. मग मावशीने मला शिवण शिकवायचं ठरवलं. पहिले आठ दिवस दोराच नाही. वहीचं रेघांचं पान सुईखाली घालायचं आणि रेघेवरून चालवायचं. चाक आपल्याकडे फिरायला हवं. माझं उलटं फिरायचं. "उलटं गेलं की दोरा खातं ते," ती म्हणायची. पण तेव्हा दोराच नव्हता, त्यामुळे मला धाक वाटेना. उलट मला एक शोध लागला, की सुईने भोकं पाडलेलं पान पोस्टाच्या तिकिटासारखं सुरेख फाटतं. मग काय! दोन वह्यांची तिकिटं केली. त्यावर रंगीत पेन्सिलीने मोर, गांधीजी, विमान. मैत्रिणींना दहा-दहा पैशांना विकली. सुई बोथट झाली आणि एका नवरीच्या ब्लाउजच्या रेशमी कापडाचे धागे ओढले गेले, तेव्हा माझं टपाल खातं बंद झालं.

टेन्शन हा शब्द आमच्या घरात माणसांच्या आधी मशीनला होता. "टेन्शन सैल कर जरा," मावशी म्हणायची, म्हणजे वरचा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा. खालचं टेन्शन बघायची तिची रीत अशी, की बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबती सोडायची आणि हलकाच हिसका द्यायचा. इंचभर उतरून थांबली तर बरोबर. सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. खंडेनवमीला मशीन पुसून तेल घातलं जायचं, त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी शिवण बंद. वर्षातून तेवढा एकच दिवस मी मावशीला दुपारी आडवी झालेली पाहिली आहे.

पुढे कॉलेजात असताना मी तिला गांधीजींची गोष्ट सांगितली होती. यंत्रांबद्दल फारसं बरं न बोलणाऱ्या गांधीजींनी सिंगरच्या मशीनचा मात्र अपवाद केला. १९२४ साली 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संवादात ते म्हणतात, की बायकोला हाताने शिवताना कष्ट पडतात हे बघवेना, म्हणून सिंगरने हे यंत्र केलं. गोष्ट गोड आहे. पण हा आयझॅक सिंगर मूळचा नाटकवाला, पेटंट १८५१चं, एकाच वेळी दोन-तीन संसार आणि सगळी मिळून वीसच्या वर मुलं. मावशीने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. म्हणाली, "मग शिवायला भरपूर लागत असेल."

कशावरून कुठे आले. तर कॅफेतलं ते टेबल. हे मावशीच्या मशीनचं नव्हे. तिचं कुठे गेलं ते मला पक्कं माहीत आहे.

गुडघे गेल्यावर तिने मला फोन केला होता. "अगं, मशीन नेतेस का? चालू आहे चांगलं. तुझा हात बसलाय त्याच्यावर." माझं नवीन लग्न झालेलं, वन रूम किचन, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, "मावशी, जागा कुठे आहे गं इथे?" ती लगेच म्हणाली, "तेही खरंच. अडगळच ती." दोन महिन्यांनी भंगारवाल्याने ते लोखंडाच्या भावाने नेलं. फळी त्याने घेतली नाही, ती तिथेच ठेवून गेला. मावशी पुढे बरीच वर्षं त्या फळीवर भाजी चिरायची.

बॉबिनचा डबा तेवढा तिने मला पाठवला, बिस्किटाचा, पत्र्याचा. उषाचं ते काळं मशीन सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीवरूनच केलेलं, त्यामुळे तिच्या बॉबिनी माझ्या वायवाल्या मशीनला चपखल बसतात. काहींवर दोरा आहे. एकीवर फिका आमसुली, असल्या रंगाचा ब्लाउज आता कुणी शिवत नाही. ती बॉबिन मी लावत नाही.

बिल आलं. चप्पल टेबलाखाली शोधावी लागली, एक चाकापलीकडे गेली होती. आठवं मशीन घरात आलं तर मी बाहेर, असं नवऱ्याने दिवाळीतच सांगून ठेवलं आहे. उद्या बुधवार. नुसतं बघून यायचं आहे. तुकडा पर्समध्ये आहेच.