वेव्हलेटने फॉल्ट ओळखायचा प्रोजेक्ट आणि कच्च्या रेकॉर्डसाठीची वणवण: माझा अनुभव

वेव्हलेटचं (लहरीतले क्षणिक बदल पकडणाऱ्या आखूड लहरींचं) गणित फार जड जातं, असं मला विषय घेताना सगळ्यांनी बजावलं होतं. गणित जमलं. प्रोजेक्ट बुडायची वेळ आली ती खऱ्या फॉल्टचं रेकॉर्ड मिळवताना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. ट्रान्समिशन लाइनवर फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) झाला की करंट आणि व्होल्टेजच्या लहरीत झटका बसतो. तो झटका वेव्हलेटने पकडायचा आणि फॉल्ट कोणत्या फेजवर आहे ते सांगायचं, एवढं माझं काम होतं. हेच काम करायला निघालेल्या प्रत्येकाने डेटासाठी अर्ज लिहिण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

आधी थोडक्यात, वेव्हलेटच का. फुरिए पद्धतीने लहरीत कोणत्या वारंवारिता आहेत ते कळतं, पण रिलेमध्ये (फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणात) वापरतात त्या नेहमीच्या पद्धतीला एक पूर्ण आवर्तन हाताशी लागतं, म्हणजे ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद. फॉल्टचा पहिला तीव्र झटका त्याच्या कितीतरी आधी येऊन जातो आणि त्या लांब खिडकीत पसरून हरवतो. वेव्हलेट वरच्या वारंवारितेसाठी आखूड खिडकी घेतं आणि खालच्यासाठी लांब, त्यामुळे झटका नेमका कधी बसला ते दिसतं. स्टेफान माला यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या रीतीने लहर दोन फिल्टरमधून काढायची: वरचा अर्धा पट्टा म्हणजे डिटेल, खालचा अर्धा म्हणजे अप्रॉक्सिमेशन, आणि त्या खालच्याचे पुन्हा दोन भाग करत जायचं. सेकंदाला १०,००० नमुने असतील तर डी१ मध्ये, म्हणजे पहिल्या पातळीच्या डिटेलमध्ये, २.५ ते ५ किलोहर्ट्झ येतं, डी२ मध्ये १.२५ ते २.५, आणि असंच अर्धं अर्धं होत ५० हर्ट्झचा मूळ भाग सहाव्या पातळीच्या अप्रॉक्सिमेशनमध्ये उरतो. मदर वेव्हलेट (ज्यावरून हे फिल्टर ठरतात ते मूळ वेव्हलेट) म्हणून मी डीबी४ घेतलं. इंग्रिड डोबेशी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कुटुंबातलं हे वेव्हलेट. त्याच्या फिल्टरला फक्त ८ गुणक आहेत, म्हणजे ते आखूड आहे, आणि गुळगुळीत ५० हर्ट्झची लहर त्याच्या वरच्या डिटेलमध्ये जवळजवळ उमटतच नाही. उमटतो तो फक्त झटका.

सिम्युलेशन सुरळीत झालं. लाइनचं मॉडेल, निरनिराळे फॉल्ट, निरनिराळे रेझिस्टन्स, सगळं जागेवर बसलं. मग गाइड सरांनी विचारलं, "खऱ्या रेकॉर्डवर चालतं का?" प्रश्न योग्यच होता. सिम्युलेशनमध्ये नॉइज आपणच घालतो, सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आदर्श असतो आणि फॉल्टची वेळ आपल्याला आधीच माहीत असते.

रेकॉर्ड ज्या कार्यालयाकडून मिळायचं होतं त्यांचा अर्जाचा नमुना ठरलेला होता. लाइनचं नाव, कालावधी, कारण, संस्थेचं पत्र. रेकॉर्ड कोणत्या स्वरूपात हवं, सॅम्पलिंग रेट किती हवा, यासाठी रकानाच नव्हता. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, तिथून माहिती सुरक्षेच्या विभागाकडे, तिथून परत पहिल्या टेबलावर. दर वेळी उत्तर एकच, "सही व्हायची आहे." दरम्यान काय होत होतं ते कुणी सांगितलं नाही, मला नंतर कळलं. रिलेची मेमरी मर्यादित असते. नवीन ट्रिपिंग झाली, म्हणजे रिलेने लाइन तोडली, की जुनी रेकॉर्डं पुसली जाऊन त्यांच्यावर नवी लिहिली जातात. मी ज्या फॉल्टचं रेकॉर्ड मागितलं होतं त्यातली काही माझा अर्ज फायलीत पडलेला असतानाच नाहीशी झाली. म्हणून सांगते, अर्ज देतानाच लेखी विनंती करा की संबंधित रेकॉर्ड आधी डाउनलोड करून बाजूला ठेवावीत, मंजुरी नंतर मिळाली तरी चालेल. या विनंतीला कुणाची हरकत नसते, कारण त्यात डेटा बाहेर जात नाही.

मंजुरी आली तेव्हा हातात पडली पीडीएफ. लहरींचे छापील आलेख. त्यावर मी हरकत घेतली, पुन्हा थांबले, मग आकड्यांची फाइल आली. उघडली तर एका आवर्तनाला ४ नमुने. म्हणजे ५० हर्ट्झला सेकंदाला २००. अशा फाइलमध्ये १०० हर्ट्झच्या वरचं काहीही असू शकत नाही, आणि मला हवा असलेला झटका शेकडो ते हजारो हर्ट्झमध्ये असतो.

मी ज्या कुणाला हे सांगितलं त्यांना सुरुवातीला यात काय बिघडलं ते कळलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. रिलेत सिग्नल शिरला की आधी अँटी-एलिअसिंग फिल्टर (सॅम्पलिंगला न झेपणाऱ्या वरच्या वारंवारिता अडवणारा) लागतो, मग सॅम्पलिंग होतं, आणि मग डिजिटल फिल्टर हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारिता) आणि डीसी ऑफसेट काढून ५० हर्ट्झचा फेजर (त्या लहरीची उंची आणि कोन) तेवढा ठेवतो. रिले निर्णय घेतो तो या फेजरवर. बऱ्याच रिलेतून इव्हेंट रिपोर्ट (घटनेच्या वेळची लहरींची नोंद) दोन प्रकारे काढता येतो, फिल्टर केलेला आणि कच्चा. प्रोटेक्शनच्या माणसाला रोज फिल्टर केलेलाच लागतो, कारण रिलेने काय पाहिलं आणि तो का ट्रिप झाला ते त्यात कळतं. त्यामुळे सवयीने तोच डाउनलोड होतो. माझ्या कामासाठी त्यात काही उरलेलं नव्हतं. त्या फाइलवर वेव्हलेट चालवणं म्हणजे चाळून झालेल्या धान्यात खडे शोधणं.

कार्यालयात संवाद झाला तो असा:

"मॅडम, तुम्ही मागितलेलं रेकॉर्ड दिलं ना? सगळे फेज आहेत त्यात."

"सर, हे फिल्टर केलेलं आहे. मला कच्चं हवंय."

"वेव्ह तर छान दिसतेय की स्क्रीनवर."

छान दिसत होती हेच तर दुखणं होतं. सॉफ्टवेअर त्या मोजक्या बिंदूंमधून गुळगुळीत रेघ काढतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळं आहे. मी त्यांना फाइलमधले आकडे मोजून दाखवले. त्यांनी पुन्हा अर्ज करायला सांगितलं, नव्या जावक क्रमांकाने. त्यांच्या हातात एवढंच होतं हे मला मान्य आहे, पण ज्या कार्यालयातून तांत्रिक डेटा दिला जातो तिथे अर्जावर "कच्चं की फिल्टर केलेलं" हा एक रकाना असायलाच हवा. एका ओळीने कित्येकांची वणवण वाचेल.

पुढच्या खेपेला खरोखरच कच्चं रेकॉर्ड आलं, वेगळ्या डिस्टर्बन्स रेकॉर्डरमधलं (बिघाडाच्या वेळच्या लहरी नोंदणाऱ्या उपकरणातलं), कॉमट्रेड स्वरूपात. फक्त त्यात डॅट फाइल होती आणि सीएफजी नव्हती. कॉमट्रेड हे अशा रेकॉर्डच्या फाइलचं १९९१ पासूनचं मानक आहे, १९९९ आणि २०१३ मध्ये सुधारलेलं. त्यात डॅट फाइलमध्ये निव्वळ आकडे असतात. चॅनेल किती, कोणतं कुठल्या फेजचं, सॅम्पलिंग रेट काय, आकड्याला कशाने गुणून त्यात काय मिळवलं की अँपिअर किंवा किलोव्होल्ट मिळतात, हे सगळं सीएफजीत असतं. ती नसेल तर बायनरी डॅट हा अर्थहीन आकड्यांचा ढीग आहे. कारण विचारलं तर उत्तर आलं, सीएफजीत उपकेंद्राचं नाव आहे, ते गोपनीय असल्यामुळे ती फाइल काढून टाकली.

नाव लपवण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य होता. पण सीएफजी ही साधी टेक्स्ट फाइल आहे. उपकेंद्राचं आणि उपकरणाचं नाव पहिल्या ओळीत असतं, लाइनची नावं चॅनेलच्या ओळींत. तेवढे शब्द बदलून "उपकेंद्र अ" आणि "लाइन १" लिहिलं की गोपनीयताही राहते आणि फाइलही वाचता येते. तारीख लपवायची असेल तर सुरुवातीची आणि ट्रिगरची अशा दोन्ही वेळा सारख्याच सरकवायच्या, म्हणजे त्यांच्यातलं अंतर टिकतं. मी हे एका पानावर नमुन्यासकट लिहून दिलं. ते पान सुदैवाने टेस्टिंग विभागातल्या एका इंजिनिअर ताईंच्या हाती पडलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "हे आधीच माझ्याकडे का नाही पाठवलं कुणी?" त्यांच्याच हातून रेकॉर्ड डाउनलोड होत होती. त्या दिवशीच सगळ्या फाइल जोडीने मिळाल्या. इतका मोकळा श्वास मी त्या आधीच्या सगळ्या काळात घेतला नव्हता. सही करणारी व्यक्ती वेगळी आणि लॅपटॉप रिलेला जोडणारी वेगळी. मंजुरी पहिल्या व्यक्तीकडून घ्या, पण काय हवं ते दुसरीला समोर बसून समजावा.

मिळालेली रेकॉर्ड ५ किलोहर्ट्झची होती. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: पातळीचा क्रमांक सॅम्पलिंगवर अवलंबून असतो. सिम्युलेशनमध्ये १० किलोहर्ट्झला जो पट्टा डी२ होता, तोच इथे डी१ झाला. सिम्युलेशनमधले थ्रेशोल्ड (ज्यावर गेलं की फॉल्ट धरायचा त्या मर्यादा) पातळीच्या नावाने उचलून इकडे लावले तर सगळं चुकतं. मी थ्रेशोल्ड प्रत्येक रेकॉर्डच्या फॉल्टआधीच्या भागावरून काढला. डोनोहो आणि जॉनस्टोन यांची १९९४ ची रीत त्यासाठी सोपी आहे: डी१ च्या गुणकांच्या (फिल्टरमधून निघालेल्या आकड्यांच्या) केवल मूल्यांचा मध्यक घ्यायचा, त्याला ०.६७४५ ने भागायचं, की नॉइजचं प्रमाण विचलन मिळतं, आणि त्यावरून मर्यादा ठरते. प्रत्यक्षात मी त्या सूत्राच्या मर्यादेपेक्षा वरची मर्यादा धरली, कारण मला नॉइज पुसायचा नव्हता, खोटा इशारा टाळायचा होता.

खोटे इशारे येतात, आणि ठरावीक जागी येतात. फाइलच्या दोन्ही टोकांना फिल्टरला पुढचे-मागचे नमुने मिळत नाहीत, म्हणून तिथे उगाच उंच गुणक दिसतात, ते सोडून द्यायचे. कपॅसिटर बँक (व्होल्टेज सावरायला जोडतात तो कपॅसिटरचा संच) चालू झाली तरी डी१ मध्ये ठसठशीत झटका येतो. तो वेगळा काढायला मी झटक्यानंतरचं एक आवर्तन पाहिलं: फॉल्टमध्ये ५० हर्ट्झचा करंट वाढलेलाच राहतो, कपॅसिटरच्या वेळी झटका विरतो आणि करंट जवळपास पूर्वपदावर येतो. रेकॉर्डमध्ये फॉल्टच्या नंतर जो आणखी एक झटका दिसतो तो बहुधा ब्रेकर (लाइन तोडणारा स्विच) उघडल्याचा असतो. त्याला दुसरा फॉल्ट समजू नका.

सगळ्यात चिवट निघाले ते व्होल्टेज शून्यावर असताना झालेले फॉल्ट. व्होल्टेज शिखराजवळ असताना फॉल्ट झाला तर झटका जोरदार, शून्याजवळ झाला तर इतका क्षीण की नॉइजमध्ये बुडतो. निव्वळ डी१ च्या उंचीवर विसंबलं तर असे फॉल्ट निसटतात. म्हणून मी डी१ सोबत खालच्या डिटेलची ऊर्जा, म्हणजे सरकत्या खिडकीतल्या गुणकांच्या वर्गांची बेरीज, आणि मूळ करंटची वाढ अशा तिन्ही गोष्टी एकत्र तपासल्या. हा भाग माझ्या प्रोजेक्टमधला मला सर्वात आवडलेला भाग आहे आणि तो जमल्याचा मला अभिमान आहे. शून्याजवळचे फॉल्ट सिम्युलेशनमध्ये मुद्दाम घालून पाहा, नाहीतर ते शेवटी समोर येतात.

गुणक साध्या डीडब्ल्यूटीने (डिस्क्रीट वेव्हलेट ट्रान्सफॉर्म, म्हणजे वरची दोन फिल्टरची रीत, प्रत्येक पातळीला नमुने निम्मे करत) काढले तर रेकॉर्ड एका नमुन्याने सरकवलं तरी ते बदलतात. त्यामुळे वेळ ओळखायची असेल तर प्रत्येक पातळीला नमुने निम्मे न करणारी, स्टेशनरी म्हणतात ती आवृत्ती वापरा. आणि शक्यतो करंटवर काम करा. व्होल्टेज मोजणारा कपॅसिटिव्ह व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर किलोहर्ट्झमधला भाग विश्वासाने पुढे देत नाही. करंटमध्ये मात्र सीटी सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याला करंट झेपेनासा झाला, की लहरीला नवे कोपरे पडतात, ते डिटेलमध्ये दिसतात आणि फसवतात.

फॉल्ट किती अंतरावर आहे तेही काढावं, असा आग्रह मला झाला. मी हिशेब मांडून नकार दिला. फॉल्टपासून निघालेली प्रवासी लहर लाइनवरून जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावते, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. एका टोकावरून परावर्तनाच्या आधारे अंतर काढताना वेग गुणिले वेळ भागिले २. ५ किलोहर्ट्झला दोन नमुन्यांमध्ये २०० मायक्रोसेकंद असतात, म्हणजे एकेका नमुन्याला ३० किलोमीटर. १ मेगाहर्ट्झने नोंद असेल तर हेच १५० मीटरवर येतं. हा आकडा दाखवल्यावर आग्रह मागे घेतला गेला.

आता अर्जात काय लिहावं ते. "फिल्टर न केलेलं रेकॉर्ड, रेकॉर्डरच्या मूळ सॅम्पलिंग रेटला, कॉमट्रेडच्या सीएफजी आणि डॅट या दोन्ही फाइल, फॉल्टआधीची निदान दोन आवर्तनं धरून, नावं बदललेली चालतील." याच शब्दांत लिहा आणि नमुन्यात रकाना नसेल तर वेगळं पान जोडा. रेकॉर्ड हातात पडलं की तिथेच सीएफजी उघडून सॅम्पलिंग रेटची ओळ वाचा, घरी येईपर्यंत थांबू नका. शिवाय १९९९ पासूनच्या सीएफजीत प्रत्येक अॅनालॉग चॅनेलच्या ओळीच्या शेवटी पी किंवा एस असं अक्षर असतं: आकडे लाइनवरच्या खऱ्या करंटचे आहेत की सीटीच्या सेकंडरीचे, म्हणजे त्याने कमी करून दिलेल्या करंटचे. माझ्या संचात काही फाइल पी होत्या आणि काही एस. ते अक्षर वाचून सगळ्या एका मापात आणल्याशिवाय दोन रेकॉर्डची ऊर्जा शेजारी ठेवू नका.