डेडिकेटेड सर्व्हरवर व्हर्च्युअलायझेशन : माझा अनुभव

भाड्यानं घेतलेल्या एका अख्ख्या (डेडिकेटेड) सर्व्हरवर मला अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), चालवायचे होते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर निवडायला फार डोकं लावावं लागलं नाही. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय हाताखालचं होतं, पण ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मोफत आवृत्ती बंद केली. २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण माझा भरवसा उडाला तो उडालाच. शिवाय ईएसएक्सआयला सॉफ्टवेअर रेड (वेगळ्या कार्डाशिवाय डिस्क एकत्र जोडणं) चालत नाही, आणि भाड्याच्या मशीनमध्ये बऱ्याचदा नुसत्या दोन डिस्क असतात, रेड कार्ड नसतं. झेन या व्हर्च्युअलायझेशनच्या इंजिनावर चालणारं एक्ससीपी-एनजी चांगलं आहे, पण मला बारीकसारीक कामांना कंटेनरही (पूर्ण व्हीएमपेक्षा हलके कप्पे) हवे होते. म्हणून प्रॉक्समॉक्स घेतलं. खाली डेबियन लिनक्स, वर व्हीएमसाठी केव्हीएम आणि कंटेनरसाठी एलएक्ससी, आणि दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारं झेडएफएस या फाइल सिस्टीमचं मिरर इन्स्टॉल करतानाच लावता येतं.

खरा घोळ पुढे झाला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिलं व्हीएम उभं केलं, त्याला जादा घेतलेला आयपी दिला, नेहमीसारखं ब्रिजला, म्हणजे सर्व्हरमधल्या आभासी स्विचला, जोडलं. होस्टवरून, म्हणजे खऱ्या सर्व्हरवरून, पिंग जातंय, व्हीएममधून बाहेर काहीच जात नाही. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प लावला, तर व्हीएम ‘गेटवे कोण?’ म्हणून एआरपीनं (आयपीवरून नेटवर्क कार्डाचा पत्ता शोधायची पद्धत) विचारतंय, सेकंदासेकंदाला तीच ओळ, उत्तर एकाचंही नाही. थोड्या वेळानं होस्टच गायब. होस्टिंग कंपनीनं स्विचवरचं माझं पोर्टच बंद केलं होतं. तिकीट टाकलं, तर उत्तर आलं, ‘आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे, रीबूट करून बघा.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. टीसीपीडम्पचा आख्खा निकाल चिकटवला, तो कुणी वाचल्याचं दिसलं नाही. शेवटी तिकीट दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि एका ओळीत उलगडा झाला : पोर्टवर एकच मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) चालतो.

प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला वेगळा मॅक देतं. हल्लीच्या आवृत्त्यांत तो बीसी-२४-११ नं सुरू होतो. ब्रिजमधून तो थेट कंपनीच्या स्विचपर्यंत पोचतो, आणि अनोळखी मॅक दिसला की स्विच दार लावून घेतो. या नियमात गैर काही नाही, शेजाऱ्याचा आयपी कुणी पळवू नये म्हणून तो असतो. पण जादा आयपी विकताना ही एक ओळ सांगायला काय हरकत होती?

यातून वाटा दोन. कंपनी देत असेल तर प्रत्येक जादा आयपीसाठी व्हर्च्युअल मॅक मागून घ्यायचा आणि व्हीएमच्या नेटवर्क कार्डात तोच टाकायचा. नाहीतर राउटिंग. मी राउटिंग केलं : ब्रिजला खरं कार्ड जोडायचंच नाही, होस्टवर आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं, प्रत्येक जादा आयपीचा राउट ब्रिजकडे वळवायचा आणि व्हीएमचा गेटवे म्हणून होस्टच द्यायचा. बाहेर फक्त होस्टचा मॅक दिसतो. कंपनी जादा आयपी तुमच्या मुख्य आयपीकडे राउट करत नसेल, तर प्रॉक्सी एआरपीही (व्हीएमच्या वतीनं होस्टनंच एआरपीला उत्तर देणं) लागतं. व्हीएममधून पहिलं पिंग बाहेर गेलं तेव्हा इतकं हायसं वाटलं!

नेटवर्कच्या फाइलला हात लावण्याआधी रिमोट कन्सोल (नेटवर्क तुटलं तरी मशीनचा पडदा दाखवणारी सोय) मिळतो का ते बघा, नाहीतर एका चुकीच्या ओळीनं मशीन हातचं जाईल. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं : बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते तपासा. सीपीयूच्या फ्लॅग्जमध्ये इंटेलला व्हीएमएक्स, एएमडीला एसव्हीएम दिसलं पाहिजे. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानाचं ८००६ हे पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका, फायरवॉलमध्ये आपलाच आयपी घाला. झेडएफएसची कॅश जुन्या इन्स्टॉलमध्ये निम्म्यापर्यंत रॅम घेते. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलला ती १० टक्क्यांवर, जास्तीत जास्त १६ जीबीवर अडवलेली असते. जुनं मशीन असेल तर मर्यादा स्वतः घाला.

पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा : पोर्टवर किती मॅक चालतात, व्हर्च्युअल मॅक मिळतो का, जादा आयपी राउट होऊन येतात की मुख्य आयपीच्याच सबनेटमधले असतात. माझी पुढची मशीन मी ही तीन उत्तरं हातात आल्यावरच घेतली, आणि तिथं पहिलं व्हीएम जेवायच्या आधी चालू झालं.