सोडली म्हणजे सुटलो का?

स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीवर गळाने सॅल्मन मासा धरायचा सीझन १ फेब्रुवारीला उघडतो तो थेट ३० नोव्हेंबरला बंद होतो. स्पे नदी ३० सप्टेंबरलाच बंद, डी आणि टे १५ ऑक्टोबरला, त्यामुळे ज्यांची हौस तेवढ्यात भागत नाही ते नोव्हेंबरात आमच्याकडे येतात, आणि नेमके त्याच महिन्यात नदीतले बरेच मासे अंडी घालायच्या बेतात असतात. सगळी गोची तिथेच आहे.

मी इथे फिशरीज बायोलॉजिस्ट आहे. मूळचा गुहागरकडचा, शिक्षण रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात, मग इकडे मास्टर्स, मग नोकरी. मी नक्की काय करतो हे घरी अजून कोणाला नीट कळलेलं नाही, आईच्या मते मला माशांकडे बघत बसायचा पगार मिळतो, जे अगदीच चूक नाहीये. नोव्हेंबरात काम म्हणजे एकेका बीटवर जायचं (नदीचा जो तुकडा एका मालकाकडे असतो त्याला इथे बीट म्हणतात), पाण्याचं तापमान घ्यायचं, बोटमनच्या (पाहुण्यांना बोटीतून नेणाऱ्या माणसाच्या) कॅच बुकातल्या नोंदी उतरवून घ्यायच्या, आणि कोणाला मासा लागलाच तर तो सोडायच्या आधी त्याचे दोनचार खवले पाकिटात टाकायचे. खवल्यावरच्या वर्तुळांवरून मासा किती वर्षं नदीत होता आणि किती समुद्रात ते कळतं.

ही गोष्ट सीझनच्या शेवटच्या आठवड्यातली, केल्सो गावाच्या वरच्या बाजूच्या एका बीटवरची. पाणी ५ अंशांवर आलेलं, हवा त्याहून गार. पैसे देऊन गळ टाकायला आलेले पाहुणे दोन, एक रिटायर्ड इंग्लिश गृहस्थ आणि त्यांचा जर्मन मित्र. बोटमन साठीचा, लहानपणापासून याच नदीवर, बोलणं कमी आणि जे बोलेल त्यात शिव्या जास्त. इंग्लिश गृहस्थांना आठवडाभर एक मासा लागला नव्हता. या दिवसांत ट्वीडवर एका रॉडचे, म्हणजे एका गळाच्या काठीचे, जे पैसे पडतात ते ऐकले तर आमच्या गावात कोणी विश्वास ठेवणार नाही, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते समजून घ्या.

अकराच्या सुमाराला त्यांना मासा लागला. वसंतातला चांदीसारखा ताजा सॅल्मन गळाला लागला की तो पळतो, उडी मारतो, रीळ ओरडायला लागतं, ह्याचं तसं काहीच नव्हतं, नुसतं जड ओढणं. बोटमनने तिथेच तोंड वाकडं केलं, त्याला कळलं होतं. जाळ्यात आली तेव्हा बघितलं, मादी, वीसेक पौंडांची, रंगाने काळपट झालेली, पोट मऊ पडलेलं आणि मागचं छिद्र सुजून बाहेर आलेलं. म्हणजे आज नाही तर चार दिवसांनी ही कुठेतरी गोट्यांत शेपटीने खड्डा करून अंडी टाकणार. मी खवल्यांचं पाकीट परत खिशात घातलं. एक तर अशा वेळी खवले कातडीत रुतलेले असतात आणि कडांनी झिजलेले असतात, त्यावरून धड वय निघत नाही, आणि दुसरं म्हणजे तिला एक हात जास्त लागायला नको.

थोडं सांगायला हवं. सॅल्मन एकदा नदीत शिरला की खाणं बंद करतो, समुद्रात साठवलेल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. मग गळाला का लागतो, तर बोटमन म्हणतात जुन्या सवयीने किंवा चिडून. पौंडाला पाचशे ते सातशे अंडी असा इथला साधारण हिशोब, म्हणजे या एका मादीत दहा हजारांच्या वर. पॅसिफिकचे सॅल्मन अंडी घातली की मरतात, अटलांटिकवाले बरेचसे मरतात पण काही माद्या समुद्रात परत जाऊन पुन्हा येतात. आणि कायदा असा की अंडी घालायला आलेला किंवा घालून रिकामा झालेला मासा मुद्दाम धरणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे, इथल्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय, मात्र चुकून लागला आणि कमीत कमी इजा करून परत सोडला तर गुन्हा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जिथे अशाच माद्या जमतात त्या डोहात गळ टाकून बसलं, तर त्यातलं चुकून किती आणि मुद्दाम किती हे कुठल्या कोर्टात ठरवणार, मला तरी सांगता येणार नाही.

तर गृहस्थ म्हणाले, एक फोटो. बोटमन म्हणाला, पाण्यातच घ्या, जाळं खाली राहू दे. ते म्हणाले दोनच सेकंद, आणि बोटमन गळ सोडवायला वाकलेला असतानाच त्यांनी एक हात शेपटीला आणि एक पोटाखाली घालून तिला वर उचललं. पोटावर दाब आला आणि अंडी सुरू झाली. नारिंगी, वाटाण्याएवढी, त्यांच्या बाहीवर, वेडर्सवर (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ विजार), जाळ्याच्या दोऱ्यांवर, पाण्यात, सगळीकडे. जर्मन मित्राच्या हातात फोन होता पण त्याने फोटो काढलाच नाही. बोटमन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी कंबरभर पाण्यात शिरलो आणि तिला घेतली, हात आधी ओले करून, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग थंड पाण्यात तिथे बुरशी धरते, असे पांढरे चट्टे पडलेले मासे डिसेंबरात बघायला लागतात. तोंड प्रवाहाकडे, एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पुढच्या परांखाली, पोटाला कुठेही नाही. कल्ले हलत होते पण सावकाश. ती एका अंगावर कलंडायची, मी सरळ करायचो, परत कलंडायची. गृहस्थ मागे उभे, त्यांनी हळूच विचारलं, मेली तर? बोटमन म्हणाला, मेली तरी इथेच जाणार, घरी न्यायची नाही. कायद्याने खरंच तसंच आहे. माझ्या बोटांचं भान गेलं होतं तोवर, मग शेपटीत जोर आला, एकदा झटका दिला, मी धरून ठेवलं, दुसऱ्यांदा दिला तेव्हा सोडली.

मग हटमध्ये चहा. प्रत्येक बीटवर एक लाकडी खोली असते, शेगडी, जुने फोटो, ओले मोजे. तिथे जे बोलणं झालं ते मला सकाळपेक्षा जास्त लक्षात आहे.

जर्मन गृहस्थ म्हणाले की आमच्याकडे हे असं केलं तर माझ्यावरच तक्रार होईल, प्राण्याला योग्य कारणाशिवाय वेदना द्यायची नाही असा आमचा कायदा आहे आणि मासा धरायचं योग्य कारण म्हणजे तो खाणं. नुसता खेळ म्हणून धरून सोडायचा हे तिथे चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ पासून सोडायच्या इराद्याने मासेमारी करायलाच बंदी आहे. म्हणजे एका देशात सोडलं तर तुम्ही दोषी आणि दुसऱ्या देशात नाही सोडलं तर दोषी, मासा तोच.

इंग्लिश गृहस्थ दुखावले होते. ते म्हणाले, तीस वर्षांपूर्वी मी प्रत्येक मासा घरी न्यायचो, आता एकही नेत नाही, अजून काय करू? आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये आता रॉडने धरलेल्या सॅल्मनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत सोडले जातात, आणि एवढं करूनही २०२३ सालची पकड १९५२ पासूनच्या नोंदींत सगळ्यात कमी निघाली, त्याच वर्षी ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून गेला. समुद्र तापलाय, नद्यांवर बांध आहेत, सॅल्मन फार्मच्या उवा आहेत, गळवाले हे कारणांच्या यादीत फार खाली येतात.

मला विचारलं तेव्हा मी अभ्यासकाचं उत्तर दिलं. कॅनडात ऑक्टोबरअखेरीस, ६ अंशांच्या पाण्यात, अंडी घालायला आलेले सॅल्मन गळाने धरून पाहिले होते, १९९५ मध्ये तो पेपर आला, एकही मासा मेला नाही आणि त्यांची ९७-९८ टक्के अंडी जगली, न धरलेल्या माशांइतकीच. क्यूबेकच्या एस्कुमाँ नदीवर पिल्लांचे डीएनए तपासून त्यांचे आईबाप शोधले, २०१३ चा पेपर, त्यात धरून सोडलेल्या माशांचीही पिल्लं सापडली, मात्र ज्यांना दहा सेकंदांपेक्षा जास्त हवेत धरलं त्यांची कमी. म्हणजे थंड पाणी, पटकन, पाण्याबाहेर न काढता, असं सोडलं तर बहुतेक वेळा नुकसान होत नाही. गृहस्थांचा चेहरा जरा उजळला.

पण हे बोलताना मलाच खटकत होतं. नुकसान किती होतं याचं हे उत्तर आहे. मुळात तिला धरायची का, ह्या प्रश्नाला ते हातच लावत नाही. जून महिन्यातला ताजा मासा धरून सोडला तर निदान असं म्हणता येतं की तो ठेवावा की सोडावा याचा निर्णय माणसाने घेतला, काहीतरी सोडून दिलं. नोव्हेंबरातली ही मादी ठेवता येतच नाही, खाण्यात मजा नाही, कायदा आडवा, आणि हे गळ टाकायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. मग सोडण्यात औदार्य कसलं? मला विचाराल तर मासे गोट्यांच्या उथळ भागात जमायला लागले की त्या डोहावर रॉड न्यायचाच नाही, सीझन कागदावर उघडा असला तरी. सगळी नदी बंद करा असं मी म्हणत नाही, नोव्हेंबरात खालच्या अंगाला ताजे मासे अजूनही समुद्रातून येत असतात, त्यांच्यासाठी कोणी आला तर येऊ दे.

हे मी हटमध्ये जसंच्या तसं बोललो नाही. एक अडचण आहे ना, माझा पगार. इथे नदीची राखण, चोरट्यांवर नजर ठेवणारे बेलिफ, आमच्यासारखे मोजणारे, या सगळ्याचा खर्च बराचसा बीटमालकांवरच्या वर्गणीतून निघतो आणि ती वर्गणी पाहुण्यांच्या पैशांतून. नोव्हेंबर बंद केला तर बोटमनचा महिना जातो आणि नदीकडे बघणारे डोळे पण कमी होतात. हा नुसता मालकांचा बहाणा नाहीये. एकोणिसाव्या शतकात याच नदीवर लोक रात्री मशाली पेटवून काटेरी भाल्यांनी अंडी घालणारे सॅल्मन मारायचे, आणि अंड्यांची खारवलेली पेस्ट ट्राउटसाठी आमिष म्हणून खपायची, पुढे त्यावर कायद्याने बंदी आली. ते थांबलं ते पुष्कळसं राखण करणारी माणसं पगारावर ठेवता आली म्हणून.

मशालीचं वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा पऱ्या, म्हणजे ओढा, आठवला होता. मृगाच्या पहिल्या पावसात गाबोळीने भरलेले मासे शेतात चढतात आणि अख्खी वाडी बॅटऱ्या आणि कोयते घेऊन बाहेर पडते, मी पण पडायचो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी आहे कारण मासळी विणीला येते हे आम्हीच सगळ्यांना सांगतो, आणि चढणीच्या माशाला मात्र ते लागू नाही असं धरून चालतो. आईला फोनवर ही मादीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अरे, दहा हजार अंडी, आणि तू पाण्यात सोडून आलास? निदान ती बाहीवरची तरी आणायचीस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण खायची नाही तर पकडली कशाला त्या बाबाने?" जर्मन गृहस्थांचा कायदा आणि आई, दोघं एकाच ठिकाणी पोचले होते. फक्त खायची असेल तर चढणीचा मासा धरला तरी चालेल इथेही दोघं पोचतात, आणि तिथे मी त्यांच्याबरोबर नाही.

कॅच बुकात त्या दिवशीच्या रकान्यात "मादी, २० पौंड अंदाजे, सोडली" एवढंच होतं. फॉर्ममध्ये ठेवली की सोडली एवढीच सोय आहे. मी बोटमनला शेरा लिहायला सांगितला, अंडी गळत होती, सावरायला वेळ लागला. त्याने लिहिलं, वर स्वतःच्या शब्दांत अजून एक ओळ घातली. नंतर मी आमच्या ऑफिसात सुचवलं की माशाची अवस्था टिपायला एक रकाना वाढवा, म्हणजे कुठल्या बीटवर कुठल्या आठवड्यात पिकलेल्या माद्या लागतात ते निदान कळेल आणि मालकांशी आकडे घेऊन बोलता येईल. बघू म्हणालेत. बोटमनने सांगितलंय की पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यानंतर तो त्या डोहावर बोट नेणार नाही, मालक काय म्हणायचं ते म्हणू दे, आणि त्या इंग्लिश गृहस्थांनी पुढच्या वर्षीचा तोच आठवडा बुक केलाय.