गच्चीवर उपयोगी पडेल असं पुस्तक : आकाशदर्शनाच्या पहिल्या हंगामाच्या नोंदी

ऑक्टोबर २०२४

सुरुवात धूमकेतूपासून झाली. १५ ऑक्टोबरच्या आसपास त्सुचिन्शान-ॲटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता आणि "शुक्र आणि स्वाती यांच्या मधे बघा" एवढीच खूण मिळत होती. शुक्र मला ओळखता आला. स्वाती कुठली, ते कळेना. पुण्यात, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तीन संध्याकाळी उभी राहिले. दोनदा ढग आले, तिसऱ्यांदा क्षितिजाजवळच्या धुरकटात काहीच हाती लागलं नाही. धूमकेतू गेला तो गेलाच. त्याची रुखरुख अजून आहे.

त्याच आठवड्यात ठरवलं की टेलिस्कोप पुढच्या वर्षी बघू, आधी आकाश ओळखीचं करायचं आणि त्यासाठी एक धड पुस्तक घ्यायचं. भावाची १०×५० द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची, दहापट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण, घरात होतीच. पहिलं पुस्तक निवडताना कुणाला उपयोग होईल म्हणून वहीतल्या नोंदी सविस्तर लिहिते आहे.

नोव्हेंबर

दिवाळीनंतर चार पुस्तकं जमवली. एक भलंमोठं गुळगुळीत कागदाचं, अवकाश दुर्बिणींच्या फोटोंनी भरलेलं. ते वाचनालयातून आणलं. एक छोटी मराठी पुस्तिका, दर महिन्याला एक नकाशा आणि समोरच्या पानावर चार परिच्छेद. टेरेन्स डिकिन्सन यांचं 'नाइटवॉच' अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळालं. आणि गाय कॉन्सोलमॅग्नो व डॅन डेव्हिस यांचं 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' एका मैत्रिणीने महिन्याच्या बोलीवर दिलं.

पहिला आठवडा चारही पुस्तकं सोफ्यावर बसून वाचली आणि फोटोंचं पुस्तक मनात पहिलं आलं. गच्चीवर गेल्यावर हा क्रम उलटापालटा झाला.

पहिली अडचण ध्रुवाची. 'नाइटवॉच'मधले मुख्य ऋतूंचे नकाशे ४०-५० अक्षांशांवरच्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेकडच्या वाचकासाठी आहेत. तिथे ध्रुवतारा क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मध्यावर असतो. मी तिथेच शोधत बसले. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे त्याच पुस्तकात आहे, पण वाचलेलं अंगी लागायला वेळ लागतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींपेक्षाही खाली. आमच्या गच्चीवरून तो नेमका शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे येतो. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जिन्यावरून पाहिला तेव्हा केवढा आनंद झाला!

दुसरी अडचण दिशांची. नकाशात पूर्व डावीकडे छापलेली असते. छपाईची चूक वाटली होती मला. पुस्तक डोक्यावर धरून खालून पाहायचं असतं, मग पूर्व-पश्चिम बरोबर जुळतात. मराठी पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर चित्र काढून समजावलं आहे, आणि नवशिक्याच्या पुस्तकात ते पहिल्याच पानावर असायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे.

७ डिसेंबर

पूर्वेला रोहिणीच्या जवळ एक झगझगीत तारा. चारही पुस्तकांत त्या जागी काही नाही. वृषभेचा नकाशा तीनदा फिरवून पाहिला. मग लक्षात आलं, हा गुरू. त्या दिवशी तो नेमका प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आणि रात्रभर आकाशात. ग्रह सरकत असल्यामुळे ताऱ्यांच्या कायमच्या नकाशात ते छापता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी कोष्टकं असतात आणि ती ठरावीक वर्षांपुरतीच. माझ्या जुन्या आवृत्तीतली कोष्टकं संपून गेलेली होती. तेव्हा जुनं पुस्तक घेताना ताऱ्यांच्या पानांसाठी बिनधास्त घ्या, ग्रहांच्या पानांवरचं साल मात्र आधी तपासा.

कोष्टक नसलं तरी घरातलं पंचांग असतं. कोणता ग्रह कोणत्या राशीत ते त्यात असतं, आणि आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून राशी मोजणारं असल्यामुळे ती रास आकाशातल्या ताऱ्यांशी बऱ्यापैकी जुळते. दिनदर्शिकेवर रोजचं चंद्रनक्षत्रही असतं. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो, म्हणजे रोज एक नक्षत्र. पंधरवडाभर रोज रात्री दिनदर्शिका बघून चंद्राशेजारचे तारे पाहिले, तर अर्धी नक्षत्रं फुकटात ओळखीची होतात. हे कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

२८ डिसेंबर, भोर तालुका

सोमवती अमावास्येच्या आधीचा शनिवार, मामांचं गाव. इथे खरी परीक्षा घ्यायची ठरवली होती. एकच रात्र, चारही पुस्तकं आणि दोनच गोष्टी शोधायच्या: मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका.

बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळून रबरबँड लावला. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात. मोबाइलवरचं ॲप मी याचसाठी बंद ठेवलं. लाल उजेडात मराठी पुस्तिका उघडली आणि नक्षत्रांची नावं गायब! ती लाल शाईत छापलेली होती. मग काळ्या बॉलपेनने प्रत्येक नाव गिरवून घेतलं. पुस्तक घेण्याआधी दुकानातच लाल उजेडात एक पान पाहून घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

दहा वाजेपर्यंत खाटेवर दव पडायला लागलं. फोटोंचं पुस्तक ओलं व्हायला नको म्हणून आत नेऊन ठेवलं. 'नाइटवॉच'ला तारेची गुंडाळी बांधणी आहे, ते उघडलं की सपाट पडून राहतं. मैत्रिणीचं 'टर्न लेफ्ट' जुन्या आवृत्तीचं, शिवलेल्या बांधणीचं. पान मिटू नये म्हणून त्यावर चप्पल ठेवावी लागली. नव्या आवृत्त्यांना गुंडाळी बांधणी आली आहे आणि ती सोय अंधारात किती मोलाची आहे ते तेव्हा समजलं.

देवयानीपर्यंत पोहोचवलं ते 'टर्न लेफ्ट'ने. एका ठळक ताऱ्यावरून निघा, दुसऱ्यावर या, तिथून अमुक बाजूला वळा, अशी रस्ता सांगावा तशी त्याची पद्धत. टेलिस्कोपवर बसवलेल्या फाइंडर नावाच्या छोट्या दुर्बिणीतून केवढं आकाश दिसेल याचं प्रत्येक ठिकाणी वेगळं चित्र आहे, आणि माझ्या द्विनेत्रीतही साधारण तेवढंच आकाश मावतं. त्यामुळे टेलिस्कोप नसूनही ते वापरता आलं. पुढे टेलिस्कोपमधून काय दिसेल तेही पेन्सिलीने काढलेलं, फोटो नाही. नव्या आवृत्त्यांत लहान टेलिस्कोपमधली आरशासारखी उलटलेली प्रतिमा आणि डॉब्सोनियनमधली (साध्या बैठकीवरच्या, आरशाच्या टेलिस्कोपमधली) खालची वर झालेली प्रतिमा वेगवेगळी दाखवली आहे.

त्या चित्रात देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता लांबट पांढुरका डाग आहे. द्विनेत्रीत अगदी तोच डाग दिसला. फोटोंच्या पुस्तकात तिचे जांभळे-निळे सर्पिल बाहू आहेत. तेच मनात धरून बसले असते तर हा डाग ओलांडून पुढे गेले असते आणि "काही दिसत नाही" म्हणाले असते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला. मी खाटेवर आडवी होऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्याच्या कडेने पाहिलं की तो जरा मोठा होतो. हेही पुस्तकातच वाचलेलं.

मग मृग. मामा शाल गुंडाळून बाहेर आले. मी म्हटलं, "मामा, तो बघा मृग."

"अगं, मृग सात जूनला निघतो. पेरणीचं नक्षत्र आहे ते. डिसेंबरात कुठला मृग दाखवतेस?"

मी पुस्तिकेत शोधलं आणि उत्तर सापडलं. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून शेतकऱ्याचा मृग तेव्हा लागतो. पण त्या दिवसांत ते तारे सूर्याबरोबर दिवसा उगवतात आणि मावळतात, आपल्याला दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेला की तोच मृग रात्रभर दिसतो. मामा म्हणाले, "म्हणजे जन्मभर ज्याच्या नावाने पेरलं, तो हा?" त्यांनी द्विनेत्री मागितली. मधल्या तीन ताऱ्यांचा बाण, चार कोपऱ्यांचे चार पाय, मागे व्याध. बाणाखालचा तो धुकट पुंजका त्यांना माझ्याआधी सापडला.

मराठी पुस्तिका मी तेव्हाच कायमची ठेवून घ्यायची ठरवली. नावं दोन्ही लागतात. बीटलगूज म्हणजे काक्षी, रायगेल म्हणजे राजन्य, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, हे जुळवून देणारं पान नसेल तर इंग्रजी पुस्तकातलं आकाश आणि मामांचं आकाश वेगळंच राहतं.

२५ जानेवारी २०२५

आज फक्त अगस्त्य. रात्री साडेदहाला व्याधाच्या खाली दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, आणि 'नाइटवॉच'च्या मुख्य नकाशांत तो नाही. कारण ४५ अक्षांशावर तो कधी उगवतच नाही. आपल्याकडे पंचांगात त्याचा लोप, म्हणजे तो दिसेनासा होण्याचा दिवससुद्धा दिलेला असतो. हिशेब मांडला तर पुण्याहून अगस्त्य जास्तीत जास्त १८.८ अंश चढतो आणि ध्रुव साडेअठरावर. जिन्यावर उभं राहून एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला मूठ धरून पाहिली. दोन्हीकडे जवळपास सारखीच उंची.

२९ मार्च

अमावास्येची पहाट, साडेचार वाजता मामांच्या खळ्यावर. यासाठी सगळं वेळापत्रक बदलावं लागलं. इंग्रजी पुस्तकं ऋतूंप्रमाणे विभागलेली असतात आणि वृश्चिक-धनू त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा आपल्याकडे आभाळ गच्च. पुस्तकातली सर्वांत श्रीमंत पानं आपल्या पावसाळ्यात वाया जातात. म्हणून मी पेन्सिलीने त्या प्रकरणावर लिहून ठेवलं आहे : "मार्च-एप्रिल, पहाटे." वृश्चिकाची नांगी दक्षिणेला पूर्ण उभी होती. ज्येष्ठा तांबूस, आणि नांगीजवळ एम-७ हा तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांना ढगाच्या तुकड्यासारखा. द्विनेत्री लावली की त्याचे सुटे सुटे तारे होतात.

२६ एप्रिल

हंगामातली सर्वांत मोठी कमाई. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी रात्री पावणेबाराला, दक्षिणेला अडीच मुठींवर. आपल्या आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा बंद (गोलाकार, दाट) तारकागुच्छ, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा. द्विनेत्रीत कापसाचा गोळा, कडा विरत गेलेल्या. 'टर्न लेफ्ट'मध्ये तो शेवटी, दक्षिणेच्या आकाशाच्या विभागात आहे. आपण अमेरिका-युरोपकडचा वाचक गृहीत धरून ती पानं सोडून देतो, आणि तीच आपल्यासाठी आहेत. पुस्तक हातात आलं की दक्षिणेचा विभाग आधी उघडा, एवढं आवर्जून सांगते.

मे

मैत्रिणीचं पुस्तक परत केलं आणि नवी आवृत्ती मागवली. महाग आहे, पण गच्चीवर रोज उघडलं जाणारं तेच एक. सोबत मराठी पुस्तिका, शाईने गिरवलेली. 'नाइटवॉच' घरात बसून वाचायला उत्तम. दुर्बीण कशी निवडावी, तारे कसे मोजावेत, हे त्याच्याइतकं समजावून सांगणारं मी दुसरं वाचलेलं नाही. ज्यांना पुस्तकाबरोबर माणसांचीही सोबत हवी आहे त्यांच्यासाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. पुढच्या हंगामात मी जाणार आहे.

महिन्याच्या मध्यापासून वळवाने गच्ची बंद झाली. २० तारखेला सकाळी नारळीकर सर गेल्याची बातमी आली. त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' माझ्या यादीत कधीच नव्हतं, कारण तारा कुठे शोधायचा हे ते सांगत नाही. तारा म्हणजे काय ते सांगतं. त्या संध्याकाळी ते कपाटातून काढलं. मामांसाठी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास' शोधून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी वाचकासाठी लिहिलेलं, आपल्याच आकाशाचं.

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. द्विनेत्री तांदळाच्या डब्याशेजारच्या कोरड्या कप्प्यात, भिंगांना टोपणं लावून ठेवली आहे. रोज वीस पानं वाचते. मामांचा काल फोन आला होता : "मृग लागला की वर बघू नकोस म्हणालीस, मग परत कधी दिसेल तो?" मी सांगितलं, ऑक्टोबरात, मध्यरात्रीनंतर पूर्वेला.