आईचं खुब्याचं ऑपरेशन आणि फिटनेसचे चार दिवस (माझा अनुभव)

आईचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, ती आता वॉकर घेऊन घरभर फिरते, भांडते, सगळं छान आहे. पण "फिटनेस", म्हणजे पेशंट भूल आणि ऑपरेशन झेपेल असा आहे हा डॉक्टरचा लेखी होकार, हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून फिरतं, म्हणून लिहून काढतोय. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर वाचा.

आई ७८ वर्षांची. मंगळवारी सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय घसरला, उजवा खुबा. एक्स-रेत दिसलंच की मांडीच्या हाडाची मान मोडलीये, बायपोलर टाकायचा म्हंजे सांध्याचा अर्धा गोळा बदलायचा. हाडाचे डॉक्टर म्हणाले उद्या करून टाकू. ॲडमिशन, कॅशलेस, रक्त तपासणी सगळं संध्याकाळपर्यंत झालं, त्यात काही त्रास नाही. पायाला ट्रॅक्शन लावलं, म्हणजे वजन लटकवून पाय ताणून ठेवला, त्याने दुखणं कमी होतं म्हणे. आईचं तर काही कमी झालं नाही, आणि नंतर वाचलं तेव्हा कळलं की ऑपरेशनआधी ट्रॅक्शन लावून दुखणं कमी होतं याचा तसा पुरावाच सापडलेला नाही.

तर बुधवार. मंगळवारी रात्री बारानंतर आईच्या पलंगाला "एनबीएम" अशी पाटी लावली, तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सकाळचे दहा झाले, बारा झाले, दोन झाले. सिस्टरला विचारलं की उत्तर एकच, फिटनेस आला नाही. फिटनेस कोण देणार तर फिजिशियन, फिजिशियनना पाहिजे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कारण आईची अँजिओप्लास्टी झालेली, आणि इकोवाले डॉक्टर बाहेरून येतात, ते संध्याकाळी सातला येणार होते, ते आलेच नाहीत. साडेसातला सांगितलं आज केस होत नाही, आजींना जेवायला द्या. एकोणीस तास उपाशी बाई, तिला तेव्हा जेवण जाईना, दोन घास खाल्ले आणि ओकली. आणि रात्री बारानंतर परत तीच पाटी.

गुरुवारी दुपारी इको झाला एकदाचा, हार्ट ठीक निघालं. म्हटलं सुटलो. तर भूलतज्ज्ञ येऊन फाईल बघतात आणि म्हणतात, या क्लोपिडोग्रेल घेतात? आता ही गोळी मंगळवारी आल्या आल्या मी स्वतः लिहून दिलेल्या यादीत दुसऱ्या नंबरवर होती. दोन दिवस ती यादी फाईलमध्ये होती आणि कुणी उघडून बघितली नव्हती! गोळीने रक्त पातळ राहतं, मणक्यात सुई घातली तर आत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, म्हणून स्पायनल (मणक्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर करायची भूल) द्यायचं तर गोळी बंद करून पाच ते सात दिवस थांबावं लागतं. हे बरोबरच आहे, त्यावर माझा राग नाही. माझा राग असा की हे मंगळवारी सांगता आलं असतं, मग दोन दिवस उपाशी तरी ठेवलं नसतं.

आणि उपाशी म्हणजे तरी किती. भूलशास्त्रातले सध्याचे नियम असं सांगतात की हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि पाणी, कोरा चहा असलं पातळ दोन तास आधीपर्यंत चालतं (ज्यांचं पोट हळू रिकामं होतं त्यांचं वेगळं, ते विचारून घ्या). रात्री बारानंतर थेंब नाही ही जुनी पद्धत. मी ओल्या कापसाने आईचे ओठ पुसत होतो आणि ती कापूसच चोखायला बघत होती. हे मी विसरणार नाही. शनिवारी, ऑपरेशनच्या दिवशी, मी भांडून सकाळी सहाला कोरा चहा मिळवला तर आई म्हणते, मी काय आजारी आहे का कोरा चहा प्यायला.

मधेच आठवलं ते सांगतो, गोळ्यांची यादी कागदावर देऊन थांबू नका, तोंडाने सांगा, प्रत्येक ड्युटीच्या डॉक्टरला. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पहिलं वाक्य तेच. आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर फारच विचारून.

बुधवारी रात्री दोनला आई अण्णांना हाका मारायला लागली. अण्णा म्हणजे माझे मामा, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला ओळखेना, सलाइन उपटायला निघाली. दुखणं, उपास, जागरण आणि वर दुखण्यासाठीचं ट्रामाडॉलचं इंजेक्शन, एवढं झाल्यावर दुसरं काय होणार. याला डिलिरियम म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसात खुबा मोडल्यावर हे बऱ्याचदा होतं. २०२० मध्ये हिप अटॅक नावाचा मोठा अभ्यास आला, १७ देशांतले जवळजवळ ३००० पेशंट, त्यात निदानानंतर साधारण ६ तासांत ऑपरेशन केलेले आणि २४ तासांत केलेले अशी तुलना होती. मृत्यूत फरक पडला नाही, पण लवकर केलेल्यांना डिलिरियम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. तिथे उशीर म्हणजे २४ तास आणि आमच्याकडे चौथा दिवस.

गुरुवारी रात्री देव भेटावा तशी एक तरुण भूलतज्ज्ञ मुलगी राउंडला आली. आईची बेडपॅन देताना होणारी किंकाळी ऐकून म्हणाली, यांना ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) का नाही दिला अजून? सोनोग्राफीचं छोटं मशीन आणलं, जांघेजवळ प्रोब ठेवला, स्क्रीनवर मला दाखवलं, हा स्नायू, हा त्यावरचा पांढरा पडदा, याच्याखाली औषध सोडायचं. फॅशिया इलियाका ब्लॉक. ही सुई वरवर असते, मणक्याजवळ जात नाही, म्हणून आईच्या गोळीतही देता येतो म्हणाली. वीस मिनिटं, अर्धा तास. आई म्हणाली, अरे, पाय कुठाय माझा? आणि झोपली, सकाळी सहापर्यंत. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू. हे पहिल्याच दिवशी कॅज्युअल्टीतच मागा, नाव पाठ करून ठेवा.

शुक्रवारी भूल देणाऱ्या सिनियर मॅडम आल्या, त्यांनी दहा मिनिटांत सोडवलं. स्पायनलसाठी थांबायचं कशाला, पूर्ण भूल देऊ आणि सोबत ब्लॉक. मी घाबरलो, म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल वाईट असं आपण ऐकलेलं असतं. त्यांनी सांगितलं तो समज आता तेवढा टिकत नाही, आणि मी रात्री शोधून वाचलं. २०२१ चा रिगेन अभ्यास, अमेरिका आणि कॅनडातले १६०० पेशंट, खुबाच मोडलेले. ६० दिवसांत मृत्यू किंवा आधाराशिवाय वा वॉकरने दहा फूट चालता न येणं, हे स्पायनलमध्ये १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीत १८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. चीनमधल्या दुसऱ्या अभ्यासात डिलिरियमचंही तसंच निघालं. अर्थात कुणाचं फुप्फुस कसं, हार्ट कसं यावर ठरतं, पण निदान ही चर्चा पहिल्या दिवशी व्हायला हवी होती.

आणि तो फिटनेस शेवटी हातात आला ना, त्यावर काय लिहिलेलं? "फिट फॉर सर्जरी अंडर हाय रिस्क." खाली माझी सही. चार दिवस या एका ओळीसाठी.

शनिवारी पहिली केस, साडेआठला आत, अकराला बाहेर. रविवारी दुपारी फिजिओने उभं केलं.

आणि हो, चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत राहू द्या म्हणून सांगा, शुद्धीवर आल्यावर लगेच परत लावा, गोंधळ कमी होतो. कवळी मात्र आधीच काढून घेतात, डबीवर मोठ्या अक्षरात नाव घाला. आमची डबी अजून तिथेच कुठेतरी आहे, आणि आई रोज विचारते.