आईने नळ निवडला

"जरा पाणी द्या हो," आई दुकानदाराला म्हणाली. बोटं ओली केली आणि काउंटरवर मांडलेले सिंकचे नळ एकेक करून फिरवायला लागली.

गोल, गुळगुळीत मुठीचे दोन तिथेच बाद झाले. दिसायला तेच सगळ्यात देखणे होते. पण संधिवाताने तिची बोटं आखडलेली, पकडच बसेना. लांब दांडीचा नळ मात्र तिने नुसता मनगटाने ढकलला आणि उघडला.

दुकानदार भला माणूस. त्याने आतलं स्पिंडल, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा भाग, काढून दाखवलं. जुन्या नळात रबरी वायसर दाबून पाणी अडवतात. तो झिजला की नळ गळतो आणि आपण आणखी जोरात पिळतो. यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव फेऱ्यात काम होतं. जोर लागतच नाही. बेसिनलाही तसलाच घेतला.

रंग, चकाकी, टाइल्सशी जुळतंय का, हे सगळे बघतात. साबणाने बुळबुळीत झालेले हात, दुखणारी बोटं, स्टुलावर चढून हात धुणारं पोर, हे दुकानात कुणाच्या डोक्यात येतं?

तुमच्या स्वयंपाकघरातला नळ कुणी निवडला? आणि भांडी कोण घासतं?